नवीन नेमबाजाने आधी छरे निवडावेत

पुण्यात एअर रायफल शिकायला लागलात, तर लगेच स्वतःची रायफल घेऊ नका. बालेवाडी असो वा घराजवळची रेंज, आधी प्रशिक्षकांना विचारून तिथल्याच रायफलवर हात बसवा. खांद्याला, मानेला काय मानवतं हे नेम धरल्याशिवाय कळत नाही.

छऱ्यांत मात्र काटकसर नको. १० मीटर अंतरावरच्या नेमबाजीसाठी ४.५ मिमीचे, सपाट तोंडाचे छरे घ्या. कागदावर स्वच्छ गोल भोक पडतं, गुण नीट मोजता येतात. डब्यावर छऱ्याच्या तोंडाच्या व्यासाचे ४.४९, ४.५० मिमी असे बारीक फरक छापलेले असतात आणि ते खरंच महत्त्वाचे आहेत. रायफल टेकवून प्रत्येक आकाराचे पाच-पाच छरे झाडून पाहा. ज्यांची भोकं एकमेकांच्या सगळ्यांत जवळ पडतील, तेच तुमच्या नळीचे. छरे बहुधा शिशाचे असतात, त्यामुळे खाण्याआधी हात साबणाने धुवाच.