गॅजेटचा रिव्ह्यू वाचताना आधी तारीख बघा

फोन घ्यायचा असला की आपण काय करतो, रात्री अंथरुणात पडल्यापडल्या चार रिव्ह्यू बघतो, चौघंही "डिस्प्ले जबरदस्त, बॅटरी आरामात दिवसभर" हेच म्हणतात आणि आपण आधीपेक्षा जास्त कन्फ्युज होऊन झोपतो. मग दुसऱ्या दिवशी मामेबहिणीचा मेसेज येतो, दादा कोणता घेऊ? या प्रश्नाला उत्तरं देऊन देऊन माझी रिव्ह्यू वाचायची एक पद्धत बसलीय, ती सांगतो.

पहिलं काम, तारीख बघा. वस्तू विक्रीला येण्याच्या आधी किंवा त्याच दिवशी रिव्ह्यू आला असेल तर बहुतेक वेळा कंपनीने पत्रकाराला एक पीस आधीच पाठवलेला असतो, सोबत एम्बार्गो. एम्बार्गो म्हणजे काही कटकारस्थान नाही, अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत छापायचं नाही एवढाच करार, म्हणून तर सगळीकडचे रिव्ह्यू एकाच मिनिटाला धाडधाड पडतात. पण त्या माणसाने ती वस्तू आठवडाभर वापरलेली असते, कधीकधी त्याहूनही कमी, आणि तुम्ही ती तीन वर्षं वापरणार. तो खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही हां, त्याला जेवढं दिसलं तेवढं त्याने लिहिलं, पण आठवड्यात बिघडतं काय?

ॲपलच्या मॅकबुक लॅपटॉपचा बटरफ्लाय कीबोर्ड घ्या. २०१५ मध्ये आला तेव्हा किती पातळ आणि टाईप करताना कसा वाटतो यावरच सगळी चर्चा. पुढे लोकांना कळलं की धुळीचा कण आत गेला की एखादं बटण दाबलंच जात नाही, नाहीतर एकदा दाबलं की अक्षर दोनदा उमटतं. कंपनीने फुकट दुरुस्तीची योजना काढली ती २०१८ मध्ये, म्हणजे तीन वर्षांनी! लाँचच्या दिवशीच्या रिव्ह्यूत हे येणार कुठून. उलट सॅमसंगच्या घडी होणाऱ्या गॅलेक्सी फोल्डचं बघा, एप्रिल २०१९ मध्ये रिव्ह्यूवाल्यांना दिलेले काही फोन दोन-चार दिवसांतच गेले (काहींनी वरची फिल्म स्क्रीनगार्ड समजून सोलून काढली होती, पण न सोललेलेही गेले) आणि लाँच सप्टेंबरपर्यंत ढकलावं लागलं. असं नशीब दरवेळी नसतं.

त्यामुळे सर्चमध्ये मॉडेलच्या नावापुढे "सहा महिन्यांनंतर" किंवा "वर्षभरानंतर" असं टाकून शोधा. मॉडेल अगदी नवं असेल तर त्याच्या आधीच्या मॉडेलबद्दल शोधा, दुखणी बऱ्याचदा वारशाने येतात. आणि "हँड्स-ऑन" किंवा "फर्स्ट इम्प्रेशन" असं लिहिलेलं सरळ सोडून द्या, कार्यक्रमात टेबलावर ठेवलेला फोन दहा मिनिटं हातात घेऊन बॅटरीबद्दल काय कळणार, डोंबल?

दुसरी गोष्ट, वाक्य कोणाचं आहे ते बघा. मी एकदा मस्त रिव्ह्यू वाचून इयरफोन घेतले, कंपनीचं नाव नको. सातव्या महिन्यात डावा चाळीस मिनिटांत मान टाकायला लागला. चिडून तोच रिव्ह्यू परत उघडला तर आत स्पष्ट लिहिलेलं, "कंपनीच्या म्हणण्यानुसार आठ तास". त्या भल्या माणसाने मोजलेच नव्हते, आणि मी "आठ तास" तेवढं वाचलं होतं. तेव्हापासून "कंपनीचा दावा", "अप टू", "पर्यंत" हे शब्द दिसले की तो आकडा मी जाहिरातीतला धरतो. रिव्ह्यूवाल्याने स्वतः काय मोजलं, कसं मोजलं, ब्राइटनेस किती ठेवून, आवाज किती ठेवून, हे लिहिलं असेल तरच आकड्याला किंमत.

आकड्यांवरून आठवलं, पॉवर बँकवर १०,००० एमएएच लिहिलेलं असतं ना, ते आतल्या सेलचं, साधारण ३.७ व्होल्टला. म्हणजे ३७ वॉट-अवर (एमएएच आणि व्होल्ट दोन्ही धरून आत साठलेली वीज). बाहेर पडताना ते ५ व्होल्ट होतं, मग उरले ७,४०० एमएएच, त्यात कन्व्हर्जनमध्ये थोडं गरम होऊन वाया जातं. म्हणून ५,००० एमएएचचा फोन दोनदा फुल होईल हा हिशोब चुकतो, दीडेक वेळा झाला तरी खूप. कुठलाही रिव्ह्यू वाचताना वॉट-अवर शोधा, फसायला होत नाही. १०८ मेगापिक्सलचंही तसंच, बऱ्याच फोनमध्ये नेहमीच्या फोटोत नऊ-नऊ पिक्सल एकत्र करून १२ मेगापिक्सलचाच फोटो निघतो.

बेंचमार्कच्या, म्हणजे फोनचा वेग मोजणाऱ्या ॲपच्या स्कोअरवर तर मी फार वेळ घालवत नाही. २०१३ मध्ये आनंदटेक या वेबसाइटने दाखवून दिलं होतं की गॅलेक्सी एस४ ठराविक बेंचमार्क ॲप ओळखून तेवढ्यापुरता जोर लावतो, २०१८ मध्ये अशाच कारणाने हुआवेचे काही फोन थ्रीडीमार्क या बेंचमार्कच्या यादीतून काढले गेले. त्यापेक्षा अर्धा तास गेम खेळल्यावर फोन किती तापला आणि किती मंदावला हे कोणी लिहिलंय का ते बघा.

आता पैशाचं. लेखात खरेदीची लिंक असेल तर तुम्ही घेतल्यावर लेखकाला बऱ्याचदा कमिशन मिळतं. त्यात गैर काही नाही, फक्त एवढं लक्षात ठेवा की "काहीच घेऊ नका, जुनाच वापरा" या सल्ल्यावर कमिशन नसतं, म्हणून "बेस्ट १०" च्या याद्यांचा एवढा सुळसुळाट. वस्तू कोणाच्या पैशाने आली हेही बघा. अमेरिकेतली कन्झ्युमर रिपोर्ट्स ही ग्राहकांची संस्था सगळं बाजारातून स्वतः विकत घेते, त्यांनी २०१० मध्ये अँटेनाच्या भानगडीमुळे (ठराविक जागी हात लागला की सिग्नल पडायचा) आयफोन ४ ची शिफारस करता येणार नाही असं सरळ छापलं, थोड्याच दिवसांत ॲपलने फुकट केस वाटायला घेतल्या. एखाद्याचे मागचे वीस रिव्ह्यू चाळा. एकदाही "घेऊ नका" म्हटलं नसेल तर तो रिव्ह्यूवाला नाही, सेल्समन आहे.

आणि कंपनीच्या सर्व्हरवर चालणारी वस्तू असेल तर सर्व्हर बंद पडल्यावर काय काय चालेल हे रिव्ह्यूत शोधा. ह्यूमेन कंपनीच्या एआय पिनवर (कपड्यावर लावायचं छोटं एआय यंत्र) एप्रिल २०२४ मध्ये सडकून टीका झाली तेव्हा काही लोक रिव्ह्यूवाल्यांवरच उखडले होते, नवीन कंपनीच्या पोटावर पाय देताय म्हणून. फेब्रुवारी २०२५ अखेरीस कंपनीने सेवा बंद केली, पिनची जवळपास सगळी कामं ठप्प. उखडलेल्यांपैकी किती जणांनी ती घेतली होती देव जाणे.

ग्राहकांचे रिव्ह्यू वाचताना पाच आणि एक स्टारवाले सोडा, दोन-तीन स्टारवाले वाचा. "डिलिव्हरी उशिरा आली" हे बाजूला काढा. एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत पाच-सहा जणांनी केलेली दिसली की थांबा.

एवढं करून घेतलंत तर रिटर्नची मुदत संपायच्या आत स्वतःचा रिव्ह्यू करा. लांबच्या खोलीत वायफाय, चालू रस्त्यावर कॉल, अर्धा तास व्हिडिओ शूटिंग, रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर बॅटरी किती ते कागदावर. आणि बॉक्स फेकू नका, आतल्या त्या सिम काढायच्या फालतू पिनसकट ठेवा, परत करताना नेमकं तिथेच अडवतात.