पान किती टक्के करपलं? नजरेच्या अंदाजाची पारख

भुईमुगावरचा टिक्का, म्हणजे पानांवर ठिपके पाडणारा बुरशीचा रोग, मोजायला बहुतेक शेतांत यंत्र नसतं. निरीक्षक पान हातात धरतो, 'दहा टक्के' म्हणतो आणि ते नोंदवहीत उतरतं. त्यावरून सरासरी निघते, कोणतं बुरशीनाशक सरस हे ठरतं, आणि आकडा नजरेतून आलेला होता हे सगळे विसरून जातात. क्ष-किरण फोटो वाचणारे डॉक्टर आणि निबंध तपासणारे परीक्षक यांचीही अडचण हीच. म्हणून आपली नजर कुठे आणि किती चुकते, हे आधी मोजून घ्यावं.

शेतात जाण्याआधी नियम लिहा

ठिपक्याभोवतीचं पिवळं वलय रोगग्रस्त भागात धरायचं की फक्त तपकिरी भाग? दोन्ही चालतं, पण हंगामाच्या मध्यात बदललं की आधीच्या नोंदींशी तुलना संपली. एकक पर्णिका (पानाचा एक सुटा भाग) की चार पर्णिकांचं पूर्ण पान, तेही लिहा. झाडं मोजून निवडा, म्हणजे ओळीतलं दर पाचवं झाड, आणि प्रत्येकावरून खालचं, मधलं व वरचं पान. 'जरा बरं दिसणारं' झाड निवडलं की नमुना तिथेच बिघडतो. प्लॉटवर औषधाचं नाव नको, फक्त क्रमांक हवा. कोणती फवारणी झाली हे ठाऊक असलं की हात आपोआप कमी श्रेणी लिहितो, मग निरीक्षक कितीही प्रामाणिक असो.

श्रेणी

मायी आणि दातार यांनी 1986 मध्ये परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठातून दिलेली 0 ते 9 ची श्रेणी आपल्याकडे रुळलेली आहे. रोग नसेल तर 0, पानाचा 1 टक्क्यापर्यंत भाग गेला तर 1, 10 पर्यंत 3, 25 पर्यंत 5, 50 पर्यंत 7 आणि त्यापुढे 9.

नजर घासून घ्या

लागण वेगवेगळी असलेल्या 30 पर्णिका तोडा. प्रत्येकीचा टक्का आधी नजरेने लिहा, मगच मिलिमीटरच्या आलेख कागदावर तिची व ठिपक्यांची बाह्यरेषा काढून चौकोन मोजा. अर्ध्याहून जास्त भरलेला चौकोन धरा, कमी भरलेला सोडा. 'अंदाज वजा मोजमाप' हा फरक प्रत्येक पर्णिकेसमोर लिहा.

फरकांची सरासरी +6 आली, तर तुमची नजर नेहमी जास्त सांगते. नवख्यांचं असंच होतं, विशेषतः लागण कमी आणि ठिपके बारीक व पुष्कळ असतील तेव्हा. दोन मोठे डाग आणि वीस लहान ठिपके यांचं क्षेत्रफळ सारखं असलं, तरी वीस ठिपके जास्त वाटतात. एक हिशेब पाठ असू द्या: 5 सेंमी लांब, 2.5 सेंमी रुंद लंबगोल पर्णिकेचं क्षेत्र सुमारे 980 चौरस मिमी, आणि 4 मिमी व्यासाच्या एका ठिपक्याचं सुमारे 12.6. म्हणजे एक ठिपका सव्वा टक्का, आणि आठ ठिपके झाले तरी जेमतेम दहा. पान पाहून 'तीस टक्के' म्हणणाऱ्याला हे आधी पटत नाही.

सरासरी शून्याजवळ असूनही फरक कधी +12, कधी −10 असे उड्या मारत असतील, तर दुखणं वेगळं आहे. मोजलेल्या पर्णिकांपैकी 1, 5, 10, 25 आणि 50 टक्क्यांच्या आसपासच्या निवडा, त्यांचे फोटो एका कार्डावर छापा आणि नोंद घेताना कार्ड हातात ठेवा. नोंदींमध्ये 10, 20, 30 असे गोल आकडेच दिसत असतील, तरीही हाच उपाय.

दोघांचं मत जुळतं का?

समजा दोघांनी 100 पानांवर 'श्रेणी 5 किंवा जास्त आहे का' एवढंच ठरवलं. 4 पानांवर दोघेही हो, 86 वर दोघेही नाही, आणि 5-5 पानांवर एकेकटा हो. मत 90 टक्के जुळलं! पण दोघेही 9 वेळाच हो म्हणत असतील, तर न पाहता उत्तरं ठोकूनही 0.09×0.09 + 0.91×0.91, म्हणजे सुमारे 0.84 इतकं जुळलं असतं. हा योगायोग वजा करणारं माप कोहेन यांनी 1960 मध्ये दिलं, त्याला कप्पा म्हणतात: (0.90 − 0.836) ÷ (1 − 0.836), म्हणजे सुमारे 0.39. कामचलाऊ. 0.6 च्या खाली असाल तर वाद झालेली पानं समोर ठेवून बोला. बहुतेकदा भांडण वलयाच्या नियमावरूनच निघतं. निबंधाच्या परीक्षकांनाही हाच हिशेब लागू पडतो.

स्वतःशीही जुळवून पाहा. 20 पानांचे फोटो चार दिवसांनी क्रम बदलून पुन्हा तपासा. स्वतःचंच मत टिकत नसेल, तर जोडीदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही.

निर्देशांक म्हणजे टक्के नव्हेत

50 पानांत श्रेणी 0 ची 10, 1 ची 15, 3 ची 12, 5 ची 8, 7 ची 4 आणि 9 चं 1 पान. श्रेणींची बेरीज 128. भागिले 50×9, गुणिले 100, म्हणजे रोग निर्देशांक 28.4. याचा अर्थ '28 टक्के पान करपलं' असा नाही. प्रत्येक श्रेणीचा मध्य धरला तर गेलेलं क्षेत्र 9 टक्क्यांच्या आसपास येतं. श्रेणीचे टप्पे असमान असल्याने हा फरक पडतो, आणि अहवालांत दोन्हींची सर्रास गल्लत होते.

हमखास फसवणारी जागा

टिक्क्याने जास्त पोखरलेली पानं गळतात. त्यामुळे काढणी जवळ आली की झाडावर उरलेल्या पानांची तीव्रता 'कमी' होते आणि औषध लागू पडल्यासारखं दिसतं. म्हणून मुख्य खोडावरची पेरं मोजा, त्यांपैकी किती पेरांवर पान उरलेलं नाही ते लिहा, आणि पानगळीचा टक्का तीव्रतेशेजारी स्वतंत्र स्तंभात ठेवा.