मोटरहोमला ट्रकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवताय? या चुका टाळा

अमेरिकेत डिझेल मोटरहोमचा, म्हणजे चाकांवरच्या घराचा, गिअरबॉक्स गेला, की दुरुस्तीचा आकडा ऐकून मालक आधी भंगार यार्डात फेरी मारून येतो. तिथे अपघातातला ट्रक किंवा निवृत्त स्कूल बस उभी असते आणि खाली वाकून पाहिलं, तर हुबेहूब आपल्यासारखाच ॲलिसन कंपनीचा गिअरबॉक्स दिसतो. विचार चुकीचा नाही. मोटरहोमचं घर एक कंपनी बांधते, पण खालची चॅसी फ्रेटलायनर किंवा स्पार्टनसारख्यांची असते आणि गिअरबॉक्स ट्रकच्याच घराण्यातला. उलटंही होतं: छतातून पाणी गळून कुजलेल्या मोटरहोमखाली कमी चाललेला बॉक्स असतो, तो मालवाहू ट्रकला उपयोगी पडतो.

मी इंडियानात ट्रक दुरुस्तीच्या शेडमध्ये काम करतो आणि अशी अदलाबदल नीट झालेली अनेकदा पाहिली आहे. बिघडते ती एकाच समजुतीमुळे: बाहेरून सारखा, म्हणजे आतून सारखा.

पट्टी न वाचता पैसे देणे

ॲलिसन ३००० मालिकेच्या बॉक्सवर उजव्या बाजूला मागे धातूची पट्टी असते. तिच्यावर मॉडेल, सिरीयल नंबर आणि पार्ट नंबर असतो. पट्टीवर तेलकट मळ साचलेला असतो. तारेचा ब्रश मारा, फोटो काढा, मगच भावाचं बोला.

ही जात १९९१ मध्ये ‘वर्ल्ड ट्रान्समिशन’ म्हणून आली. एमडी ३०६० हे नाव जुन्या मोटरहोमवाल्यांच्या तोंडी आजही आहे. तेव्हापासून तिचा मेंदू, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कंट्रोल, अनेकदा बदलला: डब्ल्यूटेक-२, नव्वदच्या दशकाच्या शेवटी डब्ल्यूटेक-३, २००६ च्या सुमारास चौथी पिढी, मग २०१३ मध्ये पाचवी. बाहेरचं कवच तेच राहिलं, पण सॉलेनॉइड, कनेक्टर, वायरिंग आणि कंट्रोलर बदलले. एका पिढीचा बॉक्स दुसऱ्या पिढीच्या कंट्रोलरवर चालत नाही.

आमच्याकडे एक गृहस्थ स्वतः विकत घेतलेला बॉक्स घेऊन आले होते. तो बसला, सगळे बोल्ट जुळले, चावी फिरवली आणि बटणांच्या पॅनेलवर आकड्याऐवजी नुसत्या रेघा उमटल्या. या खुणेला इथले मेकॅनिक ‘कॅट आय’ म्हणतात. पॅनेल आणि कंट्रोलर यांचं बोलणं तुटलं, असा तिचा अर्थ. त्यांचा कंट्रोलर एका पिढीचा होता आणि बॉक्स पुढच्या पिढीचा. सगळं परत उतरवावं लागलं.

सुरक्षित मार्ग दोनच. आपल्याच पिढीचा बॉक्स शोधा, नाहीतर बॉक्स, कंट्रोलर, सिलेक्टर (बटणांचं पॅनेल) आणि वायरिंग हार्नेस (वायरींचा जुडगा) एकाच गाडीतून एकत्र उचला. हार्नेस कापून आणू नका, वेळ लागला तरी क्लिप काढून सोडवा. मोटरहोमचं इंजिन मागे असेल तर ट्रकचा हार्नेस ड्रायव्हरपर्यंत पुरणारही नाही, म्हणून लांबी आधी मोजा.

पिढी जुळली तरी कॅलिब्रेशन उरतंच. ॲलिसन कामानुसार वेगळं प्रोग्रॅमिंग देते: एमएच मोटरहोमसाठी, एचएस हायवेच्या ट्रकसाठी, आरडीएस डंपरसारख्या कष्टाच्या कामासाठी, ईव्हीएस अग्निशमनाच्या गाड्यांसाठी. कंट्रोलरच्या ज्या वायरवर तुमच्याकडे एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा ब्रेक) आहे, तीच वायर ट्रकमध्ये पीटीओचं, म्हणजे गिअरबॉक्समधून पंपासारख्या यंत्राला ताकद देणाऱ्या जोडणीचं, काम करत असू शकते. मग बॉक्स गिअर बदलतो, पण उतारावर एक्झॉस्ट ब्रेक लावल्यावर खालच्या गिअरला येत नाही किंवा रिव्हर्सचे दिवे लागत नाहीत. लोक महिनाभर वायरी तपासत बसतात. अधिकृत डीलरकडून आपल्या इंजिनाचं आणि कामाचं कॅलिब्रेशन टाकून घेतलं, की हा त्रास मिटतो.

पार्किंग ब्रेक गृहीत धरणे

बाकीच्या चुकांत पैसे जातात, या चुकीत माणूस जाऊ शकतो.

ॲलिसनच्या जुन्या एटी ५४५ आणि एमटी ६४३ मध्ये, तसंच ३००० मालिकेत ‘पी’ हा गिअरच नसतो. गाडी उभी राहते ती पार्किंग ब्रेकवर. एअर ब्रेकच्या चॅसीवर ते काम मागच्या चाकांचे स्प्रिंग ब्रेक करतात. हायड्रॉलिक ब्रेकच्या चॅसीवर मात्र गिअरबॉक्सच्या शेपटाला एक ड्रम बसवलेला असतो, तो प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, धरून ठेवतो. आता एअर ब्रेकच्या ट्रकमधला बॉक्स काढून हायड्रॉलिक ब्रेकच्या मोटरहोमला लावला तर काय होईल? त्या बॉक्सच्या शेपटाला ड्रमच नाही. गाडी झकास धावेल आणि पहिल्याच चढावर उभी केली की मागे सरकेल. छोट्या मालिकेतही हा फरक आहे. ॲलिसन १००० मध्ये पार्कची खीळ असते, २००० मध्ये नसते, आणि दोन्ही शेजारी ठेवले तर भाऊ वाटतात.

आणखी एक गोष्ट हात जोडून सांगतो. ज्या गाडीचा पार्किंग ब्रेक शाफ्टवर आहे, तिचा शाफ्ट सोडला की ब्रेकही सुटला. आत लीव्हर ओढलेला असला तरी चाकं मोकळी असतात. गाडीखाली जाण्याआधी चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा.

गिअर रेशोचं गणित न करणे

एटी ५४५ ला चारच गिअर, त्यात चौथा थेट १.०० चा, म्हणजे शाफ्ट इंजिनाच्याच वेगाने फिरतो, आणि कन्व्हर्टरला (इंजिनाची ताकद ऑइलमधून बॉक्सला देणाऱ्या भागाला) लॉकअप, म्हणजे घसरण थांबवणारा क्लच, नाही. म्हणून लांब चढावर त्याचं ऑइल तापतं आणि मालकाला सहा गिअरचा बॉक्स हवासा वाटतो. हौस रास्त आहे, पण मागचं डिफरन्शियल तेच राहणार असतं.

२२.५ इंची रिमचा ट्रक टायर किलोमीटरला साधारण ३१० फेरे घेतो. ताशी १०५ किलोमीटरला, म्हणजे ६५ मैलांना, चाक मिनिटाला ५४२ फेरे फिरतं. डिफरन्शियल ४.६३ चं असेल तर थेट गिअरमध्ये इंजिन २५०० च्या आसपास, जवळजवळ ओरडत. सहाव्या गिअरचा रेशो ०.६५ असेल तर तेच इंजिन १६३० वर, शांत. पण डिफरन्शियल ४.१० असेल तर सहाव्यात जेमतेम १४५० उरतात आणि जुन्या ५.९ लिटर कमिन्सला तिथे चढ लागला की बॉक्स सारखा पाचव्या-सहाव्यात हेलकावे खातो. १९.५ इंची टायर किलोमीटरला ३९० च्या घरात फेरे घेतात, म्हणजे हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

३००० आणि ३५०० यांतही गल्लत होते. ३००० चा पहिला गिअर ३.४९, ३५०० चा ४.५९. ३५०० डंपर आणि कचऱ्याच्या ट्रकांत सापडतो. तो मोटरहोमला लावला तर पहिल्या गिअरमध्ये शाफ्ट, क्रॉस (शाफ्टचे सांधे) आणि डिफरन्शियलवर ३१ टक्के जास्त टॉर्क जातो. ते भाग त्या हिशेबाने निवडलेले नसतात.

बेलहाउसिंग, कन्व्हर्टर, पीटीओ

बेलहाउसिंग म्हणजे बॉक्स इंजिनाला जोडणारं कवच. ३००० मालिकेला इंजिनाच्या बाजूने एसएई २ या प्रमाणित मापाचं हाउसिंग लागतं, ४००० ला एसएई १. इंजिनाचं हाउसिंग आणि फ्लेक्सप्लेट (कन्व्हर्टर जिला बोल्टने जोडतात ती चकती) त्याला जुळायला हवेत. फोर्डच्या पेट्रोल चॅसीवरच्या ई४ओडी गिअरबॉक्समध्ये तर बेलहाउसिंग केसिंगबरोबर एकसंध ओतलेलं असतं, त्यामुळे फोर्डच्या ७.३ लिटर डिझेलचा बॉक्स त्यांच्याच ‘४६०’ पेट्रोल इंजिनाला सरळ बसत नाही.

कन्व्हर्टर पंपाच्या खाचेत पूर्ण बसला पाहिजे. बॉक्स इंजिनाला हाताच्या जोराने टेकला पाहिजे. फट राहिली आणि बोल्ट आवळून ती मिटवली, तर इंजिन सुरू होताच पुढचा पंप गेला. अडीचशे किलोचं हे धूड जॅकवर तोलताना घाई होते, आणि चूक तिथेच होते.

मोटरहोममधून ट्रककडे जाताना पीटीओचा गिअर आत आहे का पाहा. मोटरहोमला त्याची गरज नसते, म्हणून बहुधा नसतो, आणि नंतर बसवायचा तर बॉक्स उघडावा लागतो.

जुना कूलर ठेवणे

जळलेल्या बॉक्सचा चुरा कूलरच्या नळ्यांत अडकतो. धुतला तरी पूर्ण निघत नाही आणि नव्या बॉक्सच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. कूलर नवाच घ्या. आणलेल्या बॉक्सला रिटार्डर (बॉक्सच्या आतला वेग कमी करणारा ब्रेक) असेल आणि तुमच्या गाडीला आधी नसेल, तर मोठा कूलर लागेल, कारण रिटार्डर गाडीचा वेग ऑइलच्या उष्णतेत बदलतो.

डिपस्टिकही पाहा. ३००० ला ऑइलचे दोन इंची आणि चार इंची असे दोन खोलीचे तळ येतात आणि त्यांच्या खुणा वेगळ्या. ऑइल सेन्सर असेल तर सिलेक्टरचे दोन्ही बाण एकदम दाबून पातळी वाचता येते, पण गाडी सपाटीवर, न्यूट्रलमध्ये दोन मिनिटं उभी आणि ऑइल किमान ६० अंश तापलेलं हवं.

चालू झाल्यावर

पहिल्या दिवशी झटके बसले की लोक बॉक्सला दोष देतात. कंट्रोलरमध्ये मागच्या गाडीच्या क्लचची शिकवण साठलेली असते. डीलरच्या ‘ॲलिसन डॉक’ सॉफ्टवेअरने ती पुसून घ्या, मग मोकळ्या रस्त्यावर हलक्या आणि मध्यम पायाने प्रत्येक गिअर अनेकदा बदलू द्या. डब्ल्यूटेकवर २२ १६ कोड आला तर आउटपुट स्पीड सेन्सर आणि त्याची वायर पाहा. १३ १२ आला तर बॅटरी आणि अर्थिंग आधी तपासा. चॅसीला रंग लावून त्यावर अर्थ घट्ट केलेली मी अनेकदा पाहिली आहे. एटी ५४५ गिअर उशिरा बदलत असेल तर मॉड्युलेटरची केबल, म्हणजे पाय किती दाबला हे बॉक्सला कळवणारी तार, आधी जुळवा.

आणि चाचणीत गाडी रस्त्यात बंद पडली, तर टो करणाऱ्याला आधी प्रॉपेलर शाफ्ट सोडायला सांगा. पंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद असताना चाकांनी बॉक्स फिरवला तर आत ऑइल पोहोचत नाही आणि काही मैलांत नवा बॉक्सही जुन्याच्या वाटेने जातो.