होल्टर लावलंय म्हणून कॉटवर झोपून राहू नका

कोल्हापुरात ईसीजी काढायचं आणि होल्टर, म्हणजे हृदयाचे ठोके सलग नोंदवणारं छोटं मशीन, लावायचं काम मी बावीस वर्षं करतेय. अटॅक येऊन गेलेल्या, स्टेंट पडलेल्या बायका धडधडीची तक्रार घेऊन येतात आणि त्याच त्या चुका पुन्हा दिसतात.

सगळ्यात चीड येते ती होल्टरच्या दिवशी घेतलेल्या विश्रांतीची. साध्या ईसीजीत दहा सेकंदांचेच ठोके दिसतात, म्हणून तर 24 तास मशीन अंगावर ठेवायचं. करवीर तालुक्यातल्या एक आक्का, साठीच्या, दोन वर्षांपूर्वी अटॅक आलेला. होल्टर लावून घरी गेल्या, तर सुनेनं काळजीपोटी उठूच दिलं नाही. रिपोर्ट नॉर्मल. घरचे खूश, आक्कांचं तोंड उतरलेलं. विचारलं, "धडधडतं कधी?" म्हणाल्या, "पहाटं धार काढाय बसलो की. दुसऱ्या म्हशीला हात लावला की छातीत मासा उडाल्यागत हुतंय." त्या दिवशीची धार सुनेनं काढली होती. डॉक्टरांना विचारून पुन्हा लावलं आणि रोजची कामं करायला सांगितली. पहाटे पावणेसहाला हृदयाच्या खालच्या कप्प्यातून सलग सात चुकार ठोके! अटॅकनंतर स्नायूवर व्रण राहतो, त्याच्या कडेनं वीज गोल फिरू लागली की असे ठोके येतात. मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, औषध बदललं.

तेव्हापासून मी प्रत्येकीला छोटी वही देते, दोरीनं पेन्सिल बांधून. जिना चढले, धुणं आपटलं, घरात वाजलं, सगळं वेळेसकट लिहायचं. "मोबाइलवर लिहिते" म्हणणारीनं आजवर लिहून आणलेलं नाही.

दुसरी चूक नवरात्रातली. उपाशीपोटी गोळी नको म्हणून नऊ दिवस औषध बंद! मेटोप्रोलॉलसारखी नाडी आवरणारी गोळी एकदम थांबवली की नाडी उसळते, छातीतलं दुखणं परत येतं. उपवासाआधी आठवडाभर डॉक्टरांना गाठा आणि गोळ्यांच्या वेळा लिहून घ्या. अंबाबाईला ते चालतं.

ईसीजी काढताना संकोचापोटी छातीवरचं चौथं स्टिकर स्तनावरच चिकटवतात. ते स्तनाखाली, पाचव्या फासळीखालच्या फटीत हवं, नाहीतर आलेखच बदलतो. शिकाऊ मुलांना दोन मिनिटांत उरकायचं असतं. मी पडदा ओढते, बाईला सांगते आणि फासळ्या बोटानं मोजते.

धडधडीला गॅस समजून सोडा पिऊ नका. पाळी जायचं वय म्हणून सोडून देऊ नका. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. नाडी पूर्ण मिनिटभर मोजा. लय विस्कटलेली असेल तर पंधरा सेकंद मोजून चारनं गुणणं फसवतं. मेडिकलमधून परस्पर अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणू नका. अशा औषधांनी लय बिघडण्याचा धोका बायकांत जास्त असतो.

धडधडीसोबत छातीत दुखलं, दम लागला किंवा शुद्ध हरपली तर रिक्षा शोधत बसू नका, 108 ला फोन करा. जुना ईसीजी सोबत न्या. नवा त्याच्याशी ताडून बघता येतो. माझ्या बायकांना मी तो घडी करून गोळ्यांच्या डब्यातच ठेवायला लावते.