पेंढ्यावरची अळंबी परसात लावताना या चुका टाळा

गोव्यात अळंबीचा वाफा म्हटला की आधी पाऊस आठवतो. रानात अळमी पावसातच येते, तेव्हा वाफाही जूनमध्ये घालायचा आणि वर रोज पाणी मारायचे, असा सरळ हिशेब केला जातो. तिथेच घोळ होतो. परसातले वाफे तहानेने क्वचित जातात, कुजून जातात ते जास्त.

जात चुकली की पुढचे सगळे वाया

बाजारातल्या पांढऱ्या बटण अळंबीला फळ धरायला साधारण 16 ते 18 अंश तापमान लागते. गोव्यात जानेवारीच्या रात्रीही पारा एवढा खाली टिकून राहत नाही, त्यामुळे उघड्यावर तिचा नाद सोडावा. रोयणीवरची, म्हणजे वाळवीच्या वारुळावरची, अळमी परसात आणण्याचा प्रयोगही पुन्हा पुन्हा होतो. कोणी रोयणीची माती आणून कुळागरात (पोफळीच्या बागेत) पसरतो, कोणी धुतलेल्या अळमीचे पाणी ओततो. ती बुरशी वाळवीच्या वारुळातच, वाळवीनेच जोपासलेली असते. वाळवीशिवाय तिला घर नाही, म्हणून ती वाफ्यावर येत नाही. (सातेरी देवी म्हणून पुजले जाणारे वारूळ तर मुळीच उकरू नये, हे गोव्यात वेगळे सांगायला नको.)

इथल्या उकाड्याला मानवते ती भाताच्या पेंढ्यावरची अळंबी. तिला 30 ते 35 अंश लागतात, म्हणजे जे हवामान आपल्याला नकोसे होते तेच. हंगाम मार्च ते मे, मग ऑक्टोबर-नोव्हेंबर. जून ते सप्टेंबर घालायचीच असेल तर पक्क्या छपराखाली. डिसेंबर-जानेवारीत रात्री गार पडू लागल्या की ती रेंगाळते. त्या दिवसांत धिंगरी (ऑयस्टर अळंबी) लावावी, पण तिची पद्धत वेगळी, ती पिशव्यांत येते.

पेंढा: जुना, ओला, चुरडलेला

वायंगणाची (उन्हाळी भाताची) कापणी मार्च-एप्रिलच्या सुमारास होते, म्हणजे नवा पेंढा ऐन हंगामात हाताशी येतो. तरीही गोठ्यामागे दोन पावसाळे खाल्लेला करडा पेंढा वापरला जातो. त्यात दुसऱ्या बुरशा आधीच मुरलेल्या असतात. पेंढा पिवळाधमक, कोरडा आणि वर्षाच्या आतला असावा. यंत्राने कापलेला पेंढा तुटका आणि चुरडलेला मिळतो. त्याच्या जुड्या नीट बांधता येत नाहीत आणि वाफा दाबून बसतो, आत हवा राहत नाही. हाताने कापून झोडलेला लांब पेंढा मिळत असेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी तोच घ्यावा.

एका वाफ्याला 12 किलो कोरडा पेंढा पुरतो. त्याच्या पाऊण मीटर लांबीच्या 22 जुड्या बांधून 12 ते 16 तास स्वच्छ पाण्यात पूर्ण बुडवून ठेवाव्यात. वर दगड ठेवावा, नाहीतर अर्ध्या जुड्या तरंगत राहतात आणि आतून कोरड्याच निघतात. नदीकाठच्या, खाजनालगतच्या (भरतीच्या खाऱ्या पाण्याशेजारच्या सखल शेतालगतच्या) विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. ते पाणी वापरू नये.

भिजवलेल्या जुड्या थेट वाफ्यावर चढवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. त्या उतरत्या जागी उभ्या करून तास-दोन तास निथळू द्याव्यात. मग जुडीच्या मधला पेंढा मुठीत घट्ट पिळून पाहावा. एक-दोन थेंब आले तर बरोबर. धार लागली तर अजून थांबा. काहीच आले नाही तर पुन्हा भिजवा.

बियाणे फ्रीजमध्ये

धिंगरीचे स्पॉन, म्हणजे बियाणे, फ्रीजमध्ये टिकते, म्हणून हेही तिथेच ठेवले जाते आणि मरते. पेंढ्यावरच्या अळंबीचे तंतू उष्णदेशी आहेत, 4 अंशांत ते तग धरत नाहीत. बाटली किंवा पिशवी घरातल्या सावलीच्या जागी ठेवावी आणि लवकरात लवकर वापरावी. जुने गोवे येथे एला भागात केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. तिथे बियाण्याची चौकशी करता येते, पण 'अळंबीचे बी द्या' एवढेच म्हणू नये, जातीचे नाव घेऊन विचारावे आणि पेंढा भिजवायच्या आधीच विचारावे. पिशवीत हिरवा किंवा काळा डाग दिसला, आंबूस वास आला, तर ती घेऊ नये.

वाफा रचताना

वाफा जमिनीवर नको. आपल्या जांभ्याच्या मातीत वाळवी तयारच असते. विटांवर बांबू टाकून वीतभर उंच मचाण करावे, शेडनेट किंवा चुडतांच्या (माडाच्या झावळ्यांच्या) दाट सावलीत. विटांभोवती राख टाकतात, पण ती ओली झाली की गोगलगायींना अडवत नाही, पुन्हा टाकावी लागते. कोंबड्या परसात मोकळ्या असतील तर जाळी लावाच. बेसनाच्या वासाने त्या अख्खा वाफा विस्कटतात.

पाच जुड्या शेजारी शेजारी, त्यावर पाच आडव्या, असे चार थर. प्रत्येक थरावर कडेपासून चार बोटे आत, वीत-वीत अंतरावर, अंगठ्याएवढी स्पॉनची चिमूट आणि तिच्यावर थोडे बेसन. वरच्या थरावर मात्र सगळीकडे पसरावे. उरलेल्या दोन जुड्यांची बांधणी सोडवून त्या वर अंथराव्यात आणि हाताने दाबून घ्यावे. एकूण 250 ग्रॅम स्पॉन आणि 200 ग्रॅम बेसन. जास्त बेसन म्हणजे जास्त पीक नव्हे. बुरशीच्या आधी माश्या आणि किडे जेवून जातात.

कंपोस्टवर वाफा रचायचा असेल तर ते पूर्ण कुजलेले, गार आणि मातीच्या वासाचे हवे. नाकाला झोंबणारा वास येत असेल तर त्यात अमोनिया आहे. अशा कंपोस्टवर, किंवा ताजे शेण मिसळल्यावर, आपली अळंबी मागे पडते आणि काळ्या छत्र्या पुढे येतात.

झाकण, ऊब आणि पाणी

पारदर्शक प्लास्टिकने वाफा सात-आठ दिवस झाकावा. आतली ऊब 35 ते 38 अंशांच्या आसपास हवी. एप्रिलच्या दुपारी झाकणावर थेट ऊन पडले तर ती सहज 45 च्या वर जाते आणि तंतू भाजून निघतात. सळईचा थर्मामीटर मधोमध खुपसून दुपारी एकदा बघावे. 42 दिसले तर दोन बाजूंनी झाकण उचलावे. या काळात पाणी देऊ नये.

पांढरे जाळे पसरून मोहरीएवढे दाणे दिसू लागले की प्लास्टिक काढावे. इथे दोन चुका होतात. एक, 'अजून थोडे वाढू दे' म्हणून झाकण ठेवले जाते. हवा आणि उजेड न मिळाल्याने दाणे लांबुडके होतात किंवा जागीच सुकतात. दुसरी, नळीने पाणी मारले जाते. दाण्यावर जोराचा थेंब बसला की तो तपकिरी होऊन सडतो. बारीक फवाऱ्याने, पेंढ्याची बाजू आणि खालची जमीन ओली होईल एवढेच पाणी द्यावे.

पाचव्या-सहाव्या दिवशी लांब दांड्याच्या, विरघळून शाईसारख्या होणाऱ्या छत्र्या आल्या तर पेंढा जास्त ओला आहे, किंवा कुठेतरी अमोनिया आहे. त्या उमलायच्या आत उपटून लांब टाकाव्यात आणि पाणी बंद ठेवावे. हिरवी बुरशी दिसली तर तो पेंढा ओंजळभर जास्तच काढून त्या जागी चुना भुरभुरावा.

काढणी आणि ओळख

दाणा दिसल्यापासून चार-पाच दिवसांत अळंबी अंड्याएवढी होते. वरचे आवरण फुटायच्या आत ती पिळून काढावी. सकाळी अंडे असलेले संध्याकाळी छत्री झालेले असते, म्हणून दिवसातून दोनदा फेरी हवी. एका वाफ्यातून एक ते दीड किलो मिळाली तर वाफा चांगला झाला. काढलेली अळंबीही फ्रीजमध्ये पाणी सोडते. टोपलीत मोकळी ठेवून त्याच दिवशी शिजवावी, नाहीतर कापून वाळवावी.

उघड्या वाफ्यावर फक्त आपण लावलेलीच अळंबी उगवते असे नाही, आणि इथली चूक जिवावर बेतू शकते. विषारी अमानिटाचे पिल्लूही अंड्यासारखेच दिसते. आपल्या अळंबीच्या बुडाशी वाटी असते, दांड्यावर कडे नसते आणि पिकल्यावर खालच्या पापड्या गुलाबी होतात. अमानिटाला वाटी असते, बहुधा कडेही असते, आणि पापड्या पांढऱ्या राहतात. कंपोस्टवर येणाऱ्या मोठ्या पांढऱ्या छत्रीच्या पापड्या पुढे हिरवट होतात, तीही विषारी.

त्यामुळे अंडी काढायच्या आधी प्रत्येक वाफ्यावर दोन-तीन पूर्ण उमलू द्यावीत. त्यांची टोपी पांढऱ्या कागदावर पापड्या खाली करून रात्रभर वाटीखाली झाकावी. गुलाबी-तपकिरी ठसा पडला तरच वाफ्यावर आपली जात धरली असे समजावे. ठसा पांढरा किंवा हिरवट आला तर ते पीक खाऊ नये. ठसा बरोबर आला तरी प्रत्येक अंडे उभे चिरून, शेजारच्यांशी ताडून पाहावे. वेगळे दिसले ते टाकावे. उलट्या आणि जुलाब अमानिटात सहा ते बारा तासांनी, कधी त्याहून उशिरा सुरू होतात. मधे एकदा बरे वाटले म्हणून घरी थांबू नये. उरलेली अळंबी सोबत घेऊन थेट बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज गाठावे.

दुसरा बहर आठवड्या-दहा दिवसांनी येतो आणि तो थोडाच असतो. त्यानंतर पेंढा माडाच्या आळ्यात टाकावा. नवा वाफा त्याच मचाणावर घालायचा तर आधी बांबू चुन्याच्या पाण्याने धुऊन दोन-तीन दिवस उन्हात तापवावेत.