सेंटर शोधताय? आधी छत्तिसाव्या दिवसाचं बघा

मला आठवड्यातून एक तरी फोन येतो, कोणाच्या तरी बायकोचा नाहीतर आईचा, आणि प्रश्न ठरलेला, "भाऊ, दारू सोडवायचं चांगलं सेंटर कुठलं हो?" मी डॉक्टर नाही की समुपदेशक नाही. माझा थोरला भाऊ, दादा, एमआयडीसीत फिटर, चौदा वर्षं प्यायचा आणि आता सव्वापाच वर्षं बंद आहे, एवढंच माझं क्वालिफिकेशन. पण दोन सेंटर, एक सिव्हिल हॉस्पिटल आणि मधले सगळे गंडेदोरे बघून झाल्यावर एक गोष्ट कळली, की लोक सगळी ताकद सेंटर शोधण्यात घालवतात आणि गाडी अडकते ती सेंटरच्या आधीच्या आठ दिवसांत आणि पस्तीस दिवस राहून माणूस घरी येतो त्या छत्तिसाव्या दिवशी. म्हणून तेच जास्त लिहितोय.

पहिलं काम डॉक्टर, सेंटर नंतर.

आमच्याकडे दरवर्षी गटारी झाली की दुसऱ्या दिवशी दादा जाहीर करायचा, श्रावणभर बंद. आई देवापुढे साखर ठेवायची. एका वर्षी त्याने खरंच एकदम बंद केली आणि तिसऱ्या दिवशी पहाटे चारला तो अंथरुणावर बसून चादरीवरच्या मुंग्या झटकत होता, चादरीवर एक मुंगी नव्हती, अंग घामाने निथळलेलं आणि आईला ओळखेना. शेजारच्या काकू म्हणाल्या बाहेरचं काहीतरी लागलंय. बाहेरचं कसलं, दारू अचानक तोडल्यावर होणारं डिलिरियम, म्हणजे भ्रम होतं ते. जो माणूस रोज भरपूर पितो, सकाळी उठल्या उठल्या हात थरथरतात म्हणून एक पेग मारतो, त्याने घरच्या घरी एकदम बंद करणं धोक्याचं असतं. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत थरथर सुरू होते, फिट यायची तर साधारण पहिल्या दोन दिवसांत येते आणि हा भ्रम दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास. यात माणूस जाऊ शकतो. झोपेच्या गोळ्यांची सवय असेल तर त्यांचंही तसंच. आधी कधी फिट आलेली असेल, लिव्हरचा त्रास असेल, उलट्यांत रक्त पडत असेल तर थेट दवाखान्यात ॲडमिट करायचं, तिथे चर्चा नको.

डिटॉक्स म्हणतात ते हेच, साधारण पाच ते सात दिवस, थरथर आणि फिट थांबवणाऱ्या गोळ्या रोज थोड्या थोड्या कमी करत नेतात आणि बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं देतात. गल्लीतल्या डॉक्टरकडे जाऊन "एक सलाईन लावा, उतरेल" हा प्रकार आपल्याकडे फार चालतो, पण पिणाऱ्याच्या अंगात बी-वन खूप कमी असतं आणि ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तेव्हा तिथे गेलात तर हा माणूस रोज पितो हे तोंड उघडून सांगा, लाजेने "जरा अशक्तपणा आलाय" म्हणू नका, आम्ही तेच म्हणालो होतो.

माळेबद्दल पण बोलतो, कारण कोणीतरी सांगणारच की माळ घाला सुटेल. आमच्या गावात माळ घालून सुटलेली माणसं आहेत, खोटं कशाला बोलू, माळेबरोबर वारीची माणसं मिळतात, संध्याकाळी भजनाला जायला जागा मिळते, ते मोठं काम आहे. पण डिटॉक्स आधी, माळ नंतर. आणि "पेशंटला न सांगता दारू सोडवा" वाल्या पावडरी मात्र चहात, वरणात अजिबात घालू नका. त्यात नेमकं काय आहे हे तुम्हाला कळत नाही, आणि डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवायचं औषध, असेल तर वर दारू गेली की छातीत धडधड, उलट्या, बीपी एकदम खाली, माणूस दगावू शकतो. तेच औषध डॉक्टरने तपासून, त्याला स्वतःला माहीत असताना आणि त्याच्या मर्जीने दिलं तर चांगलं काम करतं, दादाने काही महिने घेतलं. रोज सकाळी वहिनीसमोर, पाण्याबरोबर. ते घेताना काही कफ सिरप आणि होमिओपॅथीचे थेंबसुद्धा चालत नाहीत कारण त्यात अल्कोहोल असतं, हे आम्हाला खोकला झाल्यावर कळलं!

आता त्याला तयार कसं करायचं. रात्री पिऊन आल्यावर बोलू नका, ते भांडण होतं, बोलणं होत नाही. सकाळी, त्याला स्वतःलाच लाज वाटत असते त्या वेळी, एकाच माणसाने बोलायचं, सगळी भावकी गोळा करून पंचायत भरवायची नाही, पुरुष माणूस चारचौघांत कधीच कबूल करत नाही. "तू आमचं वाटोळं केलंस" यापेक्षा तारीख-वार सांगितलेलं जास्त लागतं. मी एवढंच म्हणालो होतो, "दादा, मंगळवारी तू पोरीला शाळेतून आणायला विसरलास, ती वॉचमनकाकांजवळ पावणेसात वाजेपर्यंत बसली होती." तो काही बोलला नाही, पण दुपारी स्वतःच विचारलं, किती दिवस राहावं लागतं तिथे. आणि तो हो म्हणाला की त्याच आठवड्यात न्या. फोन नंबर, पैसे, बॅग, रजेचा अर्ज हे आधीच तयार पाहिजे, कारण तो होकार फार तर चार दिवस टिकतो. दरम्यान त्याचं कर्ज फेडणं, कंपनीत "ताप आलाय" म्हणून फोन करणं हे बंद करा. वहिनीने ते बंद केलं तेव्हा घरात तिलाच वाईट म्हणाले सगळे, मी पण म्हणालो.

सेंटर निवडताना आमच्याकडून जी चूक झाली ती सांगतो. पहिल्या वेळी कोणीतरी नंबर दिला, तिकडचा माणूस म्हणाला पेशंटला काही सांगू नका, आम्ही रात्री गाडी पाठवतो, चौघं येतील, उचलून नेतील. आम्ही वैतागलो होतो, हो म्हणालो. गावाबाहेरचा भाड्याचा बंगला, खिडक्यांना पत्रा मारलेला, दोन खोल्यांत तीसेक माणसं आणि तीन महिने भेट नाही फोन नाही. डॉक्टर कधी आलाच नाही असं दादा नंतर म्हणाला, मारहाणीचं तर त्याने वर्षभर सांगितलंच नाही. सुटून आला त्याच संध्याकाळी प्यायला, आणि पुढची दोन वर्षं सेंटर हा शब्द काढला तरी उठून जायचा.

म्हणून आधी स्वतः जाऊन बघून या. नोंदणी आहे का विचारा, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतो, रात्री फिट आली तर कोणत्या हॉस्पिटलला नेता, समुपदेशक किती, घरच्यांना कधी भेटता येतं. स्वयंपाकघर आणि संडास बघा, ते बघून निम्मं कळतं. आत असलेल्या एखाद्या पेशंटशी दोन मिनिटं एकटं बोलू देतात का हे विचारा, तोंड वाकडं केलं तर निघा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जचे आजारही येतात, त्यानुसार साखळीने बांधायला कुठल्याच प्रकारे परवानगी नाही. माणूस स्वतः ठरवण्याच्या स्थितीतच नसेल तर मर्जीशिवाय दाखल करायची रीत कायद्यातच आहे, त्यात एक मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक डॉक्टर किंवा तज्ज्ञ वेगवेगळं तपासतात आणि पहिल्यांदा जास्तीत जास्त ३० दिवस ठेवतात. रात्रीची जीप त्यात कुठेच बसत नाही.

नीट जागा कशी असते ते बघायचं तर पुण्यात येरवड्याचं मुक्तांगण सगळ्यांना माहीत आहे, २९ ऑगस्ट १९८६ ला सुरू झालं, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या देणगीतून. त्या वेळी मुंबई-पुण्यात गर्दचा, म्हणजे ब्राऊन शुगरचा सुळसुळाट होता. पुरुषांसाठी तिथे ३५ दिवसांचा कार्यक्रम असतो. तिकडेच जायला पाहिजे असं काही नाही, पण इतर ठिकाणी गेलात तरी माप म्हणून हे डोक्यात ठेवा. कुठे काय आहे ते १४४४६ वर विचारता येतं, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे. मनाने फार खचला असेल, जीव द्यायची भाषा करत असेल तर टेलिमानस १४४१६, आणि त्या वेळी त्याला एकटं सोडू नका.

पैशाचं थोडक्यात. मेडिक्लेमवर भरवसा ठेवू नका, बहुतेक पॉलिसींत व्यसनाचा उपचार वगळलेला असतो, आधी कागद वाचा. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात डिटॉक्स अगदी कमी पैशात होतं, आमचं तिथेच झालं. सरकारी अनुदानावर चालणारी केंद्रंही आहेत. नोकरीवर आजारपणाची रजा टाका, डॉक्टरचं सर्टिफिकेट मिळतं.

आता पुरुषांसाठीचं म्हणजे काय. २०१९ मध्ये एम्सच्या देशभरच्या सर्व्हेचा रिपोर्ट आला त्यात १० ते ७५ वयाच्या पुरुषांत दारू पिणारे २७.३ टक्के आणि बायकांत १.६ टक्के, त्यामुळे आपल्याकडची बहुतेक सेंटर आपोआपच पुरुषांची आहेत. पण नुसते पुरुष एका हॉलमध्ये झोपवले म्हणजे कार्यक्रम पुरुषांसाठी झाला असं नाही. विचारायचं हे की आत कोणत्या विषयांवर बोलतात. राग, बायकोवर उचललेला हात, डोक्यावरचं कर्ज, बापाचं पिणं. आणि दोन गोष्टी ज्या पुरुष मेला तरी काढत नाही, एक म्हणजे बिछान्यातली अडचण, वर्षानुवर्षं प्यायल्यावर ती बऱ्याच जणांना येते, आणि दुसरी बायकोवरचा संशय. बऱ्याचदा या दोन्ही हातात हात घालून येतात. दादा वहिनीचा फोन तपासायचा, दूधवाल्यावर संशय घ्यायचा, आम्हाला वाटायचं स्वभावच बिघडला. दुसऱ्या सेंटरच्या समुपदेशकाने तिसऱ्याच भेटीत सरळ विचारलं, तेव्हा तो पहिल्यांदा रडला म्हणे. बंद केल्यावर काही महिन्यांत यातलं बरंच निवळतं, संशय नाही निवळला तर मात्र त्याची वेगळी औषधं लागतात, आणि मारहाण होत असेल तर सेंटर झालं म्हणून बायकोने गप्प राहायचं कारण नाही.

ड्रग्जचं गणित थोडं वेगळं आहे. गर्दच्या टर्कीत, म्हणजे गर्द तोडल्यावर, माणूस तडफडतो, हाडं मोडल्यासारखी दुखतात, पण धोक्याची वेळ नंतर येते, कारण महिनाभर बंद राहिल्यावर शरीराची सवय गेलेली असते आणि बाहेर येऊन जुन्याच मापाने घेतलं तर श्वास थांबून जागेवर जातो. हे घरच्यांनी आणि त्याने दोघांनी ऐकलेलं पाहिजे. ब्युप्रेनॉर्फिनची, म्हणजे गर्दची ओढ आवरायची गोळी डॉक्टरने चालू ठेवली तर "नशेवर नशा" म्हणून मधेच तोडू नका. पोलिसांची भीती असेल तर, स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात थोड्या मालापुरतं संरक्षण आहे, वकिलाला विचारून घ्या.

आणि छत्तिसावा दिवस. तो आत असतानाच घरात चार कामं करायची. बाटल्या शोधा, आमच्याकडे एक क्वार्टर संडासच्या फ्लश टाकीत आणि एक स्कूटरच्या डिकीत स्टेपनीखाली सापडली. एटीएम कार्ड आणि पगाराचं काय करायचं ते त्याच्याशी बोलून ठरवा, काढून घेतलं असं व्हायला नको. दादाने स्वतःच कार्ड वहिनीला दिलं आणि रोज शंभर रुपये घ्यायचा, एकवीस जूनपासून दिवाळीपर्यंत. कामावरून घरी यायचा रस्ता बदला, त्याच्या वाटेवर दोन बार होते म्हणून तो कॅनॉलकडून वळसा घालून यायचा, चार किलोमीटर जास्त. आणि संध्याकाळी सहा ते नऊ त्याने काय करायचं हे आधी ठरवा, कारण "आज बसायचं का?" हा फोन त्याच वेळी येतो.

आमच्याकडे त्या वेळेत एएची मीटिंग असायची, अल्कोहोलिक्स अनॉनिमस. १९३५ ला अमेरिकेत दोन दारुड्यांनी सुरू केलेली गोष्ट, आपल्याकडे १९५७ पासून आहे, फी नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. पहिल्यांदा मी सोबत गेलो, शाळेच्या वर्गात पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेले पंधरा बापे, एक रिक्षावाला, एक वकील, एक निवृत्त मास्तर, आणि प्रत्येकजण नाव सांगून "मी दारुडा आहे" म्हणतो. दादा मला म्हणाला तू आता बाहेर थांब. घरच्यांसाठी अल-ॲनॉन असतं, वहिनी आधी नको म्हणत होती, नंतर दादाने दांडी मारली तरी ती जायची.

स्लिप झाली, म्हणजे मधेच पुन्हा प्यायला तर? दादाची झाली, सातव्या महिन्यात, मामेभावाच्या हळदीला. डायसल्फिरामची गोळी त्याने दोन आठवड्यांहून जास्त आधीच गुपचूप बंद केलेली होती म्हणजे तयारी चालू होती, आम्हीच बघितलं नाही. पुन्हा सगळं पहिल्यापासून असं वाटून आई भिंतीला टेकून बसली. वहिनी मात्र सकाळी सेंटरला फोन करून मोकळी, त्यांनी त्याच दिवशी फॉलोअपला बोलावलं, दोन दिवस ठेवलं, घरी पाठवलं. तेव्हा सेंटर निवडताना हेही विचारून ठेवा की स्लिप झाल्यावर काय करता. नवीन पूर्ण फी भरून पहिल्यापासून, असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा.

यंदा गटारीला दादाला कंपनीतल्या पोरांनी विचारलंच, त्याने सांगितलं मला त्या दिवशी मटणाची जबाबदारी आहे. खरंच होती, तीन किलो आणलं आणि वहिनीला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. खारट झालं होतं.