तिस्सा ते एल्ला सायकलवर: या चुका टाळा

श्रीलंकेच्या दक्षिणेकडच्या तिस्समहारामाहून डोंगरातल्या एल्लापर्यंत साधारण ९० किलोमीटर भरतात. आपल्याकडे सुट्टीच्या दिवशी शंभर-सव्वाशे मारणाऱ्यांना हा आकडा किरकोळ वाटतो. पहिली चूक इथेच होते. यातले सुरुवातीचे साठ-पासष्ट किलोमीटर जवळजवळ सपाट आणि रखरखीत आहेत. सगळा चढ वेल्लवायाच्या पुढे, शेवटच्या सत्तावीसेक किलोमीटरमध्ये आहे. वेल्लवाया समुद्रसपाटीपासून दोनेकशे मीटरवर आणि एल्ला हजाराच्या वर. म्हणजे पाय थकल्यावर, दुपारच्या वेळी, सामानासकट घाट सुरू होतो.

अंधारात निघणं

ऊन टाळायला पहाटे चारला निघायची आपली सवय असते. ती इथे सोडा. लुणुगम्वेहेरा आणि तनमलविलाच्या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हत्तींचं रान आहे, आणि संध्याकाळ ते पहाट त्यांची हिंडायची वेळ. दिव्याच्या उजेडात समोर उभा असलेला हत्ती काळ्या सावलीसारखा असतो, अगदी जवळ जाईपर्यंत कळत नाही. नीट उजाडल्यावरच निघा. सकाळीही हत्ती दिसला तर लांबच थांबा, घंटी वाजवू नका, फोटोसाठी पुढे सरकू नका. मागून बस किंवा ट्रक येईपर्यंत थांबायचं आणि त्याच्या आडोशाने, हत्तीच्या विरुद्ध बाजूने निघायचं. मी असा अर्धा तास उभा राहिलो आहे आणि तो वेळ वाया गेला असं मला कधीच वाटलं नाही.

केळ्यांचा घड कॅरिअरला लटकवू नका. जवळच्याच बुत्तला–कतरगाम रस्त्यावर लोकांनी खायला घालून घालून हत्तींना गाड्या अडवायची सवय लावली आहे. खाऊ पॅनिअरमध्ये (कॅरिअरच्या बाजूला लावायच्या पिशवीत), घट्ट बंद करून ठेवा.

तहान लागली की फक्त पाणी किंवा शहाळं

नारिंगी सालीचं थंबिली शहाळं जागोजागी मिळतं आणि ते प्यावंच. पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि सोडियम कमी. घामातून मुख्यतः सोडियम जातं. नुसतं थंबिली आणि साधं पाणी पीत राहिलात तर पोट डुचमळतं, डोकं दुखतं, मांडीत गोळे येतात, आणि आपण आणखी पाणी पितो. पाणीच पाणी झालं की रक्तातलं मीठ धोक्याच्या खाली उतरू शकतं.

औषधाच्या दुकानात ‘जीवनी’ म्हणून मागा. तिथल्या ओआरएसचं नावच ते आहे, आपल्याला लक्षात ठेवायला सोपं. पाकिटावरच्या मापानेच पाण्यात मिसळा, घट्ट करू नका. जेवताना परिप्पू म्हणजे डाळ, भात आणि पोळ सांबोळ घ्या. ओल्या खोबऱ्याच्या त्या तिखट चटणीत मीठही असतं. शर्टावर पांढरे डाग उठले असतील तर घामातून बरंच मीठ गेलंय असं समजा.

उलटी, गोंधळल्यासारखं होणं किंवा अंगात ताप चढणं अशी लक्षणं दिसली तर चालवणं तिथेच थांबवा, सावलीत बसा, अंग ओलं करा आणि दवाखाना गाठा.

घाटासाठी चुकीचे गिअर

पुढच्या चक्राला ३४ दात, मागच्याला २८ ही जोडी रिकाम्या सायकलला पुरते. बारा किलो सामान लादलं की गुडघे तक्रार करतात. मागचं सर्वांत मोठं चक्र निदान पुढच्या लहान चक्राएवढं हवं, शक्य असेल तर त्याहून मोठं. निघण्याआधी सगळं सामान लादून एखादा चढ चढून बघा. अर्ध्या घाटात चेन मोठ्या चक्रावर चढत नसेल तर बहुतेक केबल सैल झालेली असते. डिरेलरजवळचा (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाजवळचा) बॅरल, म्हणजे केबलचा ताण बदलणारा छोटा स्क्रू, एकेक पाव आटा बाहेरच्या दिशेने फिरवत जा; त्याने केबल ताणली जाते.

पंक्चरबद्दल एवढंच: कडेच्या काटेरी झुडपांमुळे दोन ट्यूब जवळ ठेवा, आणि नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा.

एका दिवसात संपवायचा हट्ट

या रस्त्यावरची सगळ्यात महागडी चूक हीच, असं माझं ठाम मत आहे. दुपारी तीननंतर घाटाला लागलात तर मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विजांसह पाऊस गाठू शकतो. विषुववृत्ताजवळ संध्याकाळ रेंगाळत नाही. सूर्य सहा-साडेसहाला बुडाला की अर्ध्या तासात काळोख होतो, आणि त्या वळणांवरून बस सुसाट उतरत असतात.

वेल्लवायात मुक्काम करा. दुपार मोकळी मिळाली तर बुदुरुवगला बघा: एका कातळावर सात मूर्ती कोरल्या आहेत आणि मधला बुद्ध सुमारे १६ मीटर उंच आहे. दुसऱ्या दिवशी उजाडताच चढायला लागा. एल्लाच्या सहाएक किलोमीटर अलीकडे रस्त्याला लागूनच रावणाचा धबधबा आहे. सीतेला जवळच्याच गुहेत लपवलं होतं असं तिथले लोक सांगतात. सकाळी तिथे गर्दी नसते, फक्त माकडं असतात. सायकल सोडून लांब जाऊ नका, हँडलबार बॅगेची चेन ती सहज उघडतात.